कालचाच भाव का दिसतो? सीडीएनवरील जुन्या प्रतीच्या वारंवार येणाऱ्या तक्रारीचे निवारण

नागपूरच्या कळमना बाजारात गाळा असलेल्या एका संत्रा व्यापाऱ्याचे संकेतस्थळ मी सांभाळतो. अंबिया बहाराचा माल सुरू झाला की दररोज सकाळी ६ च्या सुमारास त्यावर खरेदीचा भावफलक चढतो. एका पानाची पीडीएफ, त्यात प्रतवारीनुसार टनाचे भाव आणि गाडी किती वाजेपर्यंत उतरवून घेतली जाईल याची सूचना, इतकाच त्याचा आवाका असतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरुड या भागांतील बागायतदार तो फलक मोबाइलवर उघडतात आणि गाडी भरायची की थांबायचे ते ठरवतात. सलग दोन हंगाम त्यांच्याकडून एकच तक्रार येत राहिली, “भाव कालचाच दिसून राहिला जी.” ही तक्रार रोज येत नसे आणि सगळ्यांकडूनही येत नसे. आठवड्यातून दोन-तीनदा येई, आणि त्याच सकाळी एकाला जुना भाव दिसे, तर त्याच्याच शेजारच्या शेतकऱ्याला नवा. सीताबर्डीतील माझ्या कार्यालयात मात्र फलक नेहमी ताजाच उघडे.

तक्रार आली की सीडीएनच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवून वाचकाला देणाऱ्या सेवेच्या, नियंत्रण पानावर जाऊन ‘पर्ज’चे, म्हणजे साठवलेल्या प्रती पुसण्याचे बटण दाबायचे, हा आमचा उपाय होता; रोज नवा फलक चढवतानाही ते दाबले जाई. त्याने त्या दिवसापुरते भागत असे आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच होत असे. हे बटण दाबणे हा मुळात उपाय नव्हता, आणि आम्ही ते ज्या क्रमाने दाबत होतो त्यामुळे दुखणे उलट वाढत होते, हे कळायला वेळ लागला. याच प्रकारची तक्रार कोणाकडे येत असेल, तर शोध कुठून सुरू करावा आणि कोणत्या खुणा पाहाव्यात, ते सविस्तर मांडतो.

सीडीएन मधे नेमकी कुठे उभी असते

सीडीएन, अर्थात सामग्री वितरण जाळे, ही कल्पना अंतराच्या अडचणीतून आली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत टॉम लेटन आणि डॅनिएल लेविन यांनी केलेल्या संशोधनातून १९९८ साली ॲकमाय ही कंपनी उभी राहिली, आणि संकेतस्थळाच्या प्रती वाचकाच्या जवळच्या गावी ठेवण्याचा धंदा तेव्हापासून वाढत गेला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आहे, आणि केबल त्याच वाटेने गेली असे धरले तर नागपुरातून निघालेला निरोप मुंबईच्या वेशीवर पोचून परत यायला ७ मिलिसेकंद पुरतात. आमचा मूळ सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाच्या खऱ्या फाइली जिथे असतात तो संगणक, अमेरिकेत आहे. १२ हजार किलोमीटरहून लांब असलेल्या त्या सर्व्हरपर्यंत एक फेरी १२० मिलिसेकंदांच्या आत होणे शक्यच नाही, आणि सुरक्षित जोडणीत पहिले अक्षर हाती येण्यापूर्वी सहसा तीन फेऱ्या होतात. झिरो माइलचा दगड दाखवून आपण नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचे सांगतो खरे, परंतु समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबई आणि चेन्नईसारख्या किनाऱ्यावरच्या शहरांत उतरतात, त्यामुळे इंटरनेटच्या नकाशावर आपण मध्यावर नसून आडबाजूला आहोत. म्हणूनच इथल्या वाचकाला सीडीएनचा लाभ ठळकपणे जाणवतो.

या जाळ्याच्या गावोगावच्या सर्व्हरना एज सर्व्हर म्हणतात. पुढे एज याच उच्चाराचा एक हेडर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तरासोबत येणारी माहितीची ओळ, येणार आहे आणि देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच दिसतात, म्हणून एज सर्व्हरला मी इथे नुसते ‘केंद्र’ म्हणेन. केंद्राचे काम साधे असते. मागितलेली फाइल स्वतःजवळ असेल आणि तिची मुदत संपलेली नसेल, तर केंद्र ती लगेच देते. तशी नसेल, तर मूळ सर्व्हरकडून आणते, एक प्रत ठेवून घेते आणि मग देते. प्रत्येक केंद्राचा साठा वेगळा असतो आणि मुदतीची मोजणीही वेगळी चालते. ‘कोणाला जुना, कोणाला नवा’ या कोड्याची अर्धी उकल एवढ्यातच आहे.

पान ताजे, फलक शिळा

तक्रार करणाऱ्याला मी पहिल्यांदा नेमका प्रश्न विचारला, तो दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस. संकेतस्थळ उघडल्यावर वर आजची तारीख दिसते का, हा तो प्रश्न. उत्तर आले की तारीख आजची दिसते, पण फलक उघडला की आत भाव कालचे असतात. हा प्रश्न दोन वर्षे आधी विचारला असता तर पुष्कळ त्रास वाचला असता.

याचे कारण असे की बऱ्याच सीडीएन सगळ्या फाइलींना एकसारखे वागवत नाहीत. क्लाउडफ्लेअरचे उदाहरण घेतले, तर वेगळी सूचना दिलेली नसताना तिथे काय साठवायचे हे फाइलीच्या नावाच्या शेपटावरून ठरते. चित्रे, सीएसएस, जावास्क्रिप्ट, पीडीएफ या फाइली साठवल्या जातात, तर एचटीएमएल पान आणि जेसॉन साठवले जात नाहीत आणि प्रत्येक वेळी मूळ सर्व्हरकडून आणले जातात. त्यामुळे पान ताजे आणि त्यातून उघडलेली फाइल जुनी, असे चित्र दिसले की संशय सीडीएनवर किंवा ब्राउझरवर घ्यावा. याउलट पानच जुने दिसत असेल, तर आधी मूळ सर्व्हर तपासावा. वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवर पाने साठवून ठेवणारे एखादे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवलेले असते आणि त्याचा विसर पडलेला असतो. अशा वेळी सीडीएन कितीही वेळा पुसली तरी ती मागे जाऊन त्या प्लगइनचीच जुनी प्रत पुन्हा घेऊन येते.

हेडर वाचणे

अंदाज बांधण्यापेक्षा उत्तरासोबत येणारे हेडर वाचणे सोपे असते. संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबावे, नेटवर्क हा भाग उघडावा, फाइल मागवावी आणि तिच्या नावावर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर्स पाहावेत. तिथे चार ओळी शोधायच्या असतात.

पहिली ओळ साठ्याच्या स्थितीची. क्लाउडफ्लेअरमध्ये ती सीएफ-कॅश-स्टेटस या नावाने येते. हिट म्हणजे केंद्रातील साठवलेली प्रत मिळाली, मिस म्हणजे प्रत नव्हती म्हणून आणली, एक्स्पायर्ड म्हणजे मुदत संपल्याने नवी आणली, आणि डायनॅमिक म्हणजे ही फाइल साठवण्याजोगी धरलेलीच नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडफ्रंटमध्ये हीच माहिती एक्स-कॅश या हेडरमध्ये असते. दुसरी ओळ एज, म्हणजे साठ्यातील प्रतीचे वय, सेकंदांमध्ये. तिसरी लास्ट-मॉडिफाइड, म्हणजे मूळ सर्व्हरवर ती फाइल शेवटची केव्हा बदलली. चौथी कॅश-कंट्रोल, जिच्यात प्रत किती काळ जवळ ठेवायची याचा हुकूम असतो. याखेरीज क्लाउडफ्लेअरच्या सीएफ-रे या हेडरच्या शेवटी तीन अक्षरे असतात, ती केंद्राच्या शहराच्या विमानतळाचे संकेताक्षर असतात. तिथे बीओएम दिसले की मुंबईचे केंद्र आणि डीईएल दिसले की दिल्लीचे केंद्र उत्तर देत आहे, असे समजावे.

लास्ट-मॉडिफाइडमधील वेळ ग्रीनिचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. सकाळी ५ वाजून २० मिनिटांनी चढवलेली फाइल त्या हेडरमध्ये आदल्या तारखेची दिसते. या एका गोष्टीने मी एकदा तासभर भलत्याच दिशेने भटकलो होतो.

एका सकाळी साडेसातला काटोलहून तक्रार आली. तक्रारकर्त्याच्या मुलाला संगणकाची माहिती होती, त्यामुळे मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला जोडून त्याने हेडरचे चित्र पाठवले. स्थिती हिट होती, लास्ट-मॉडिफाइड आदल्या दिवशीचा होता आणि एज ५१६० होता. ५१६० सेकंद म्हणजे ८६ मिनिटे. याचा अर्थ ती कालची प्रत केंद्राने आजच, सकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी साठवली होती. गाळ्यावरच्या मुनीमजींनी तर ६ वाजता सगळा साठा पुसला होता. पुसल्यानंतर चार मिनिटांनी जुना फलक पुन्हा साठ्यात आला कसा?

मधली दहा मिनिटे

नवा फलक मूळ सर्व्हरवर चढला ६ वाजून १० मिनिटांनी. मुनीमजी आधी साठा पुसत आणि मग नवी पीडीएफ चढवत. त्यात त्यांची चूक म्हणवत नाही, कारण जुना माल उचलल्याखेरीज नवा मांडू नये, ही दुकानदाराची रीत आहे. परंतु सीडीएनची फळी रिकामी राहत नाही. कोणी मागितले की ती लगेच मागे धावते आणि मूळ सर्व्हरवर त्या क्षणी जे असेल ते आणून ठेवते. ६ ते ६ वाजून १० मिनिटे या अवधीत काटोलच्या बाजूच्या कोणीतरी फलक उघडला, केंद्राने मूळ सर्व्हरवरचा कालचाच फलक आणला आणि तो नव्या मुदतीसह ठेवून दिला. आम्हीच केलेल्या नियमानुसार ती मुदत पूर्ण एक दिवसाची होती. म्हणजे पुसण्यामुळे जुन्या प्रतीला उलट नवे आयुष्य मिळत होते, आणि दुपारी कोणी तक्रार करून पुन्हा बटण दाबायला लावले नाही तर तो फलक दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच राहत होता.

तक्रार रोज का येत नसे, तेही इथे उलगडले. ज्या दिवशी त्या दहा मिनिटांत कोणी फलक मागितला नाही, त्या दिवशी सगळे सुरळीत चाले. आणि ज्या केंद्रातून मागणी झाली, त्या केंद्रावर येणाऱ्यांनाच जुना फलक दिसे. मोबाइल कंपनीची वाहतूक एका शहरातून बाहेर पडते, घरच्या ब्रॉडबँडची दुसऱ्या शहरातून, त्यामुळे एकाच गावातील दोन शेजारी दोन वेगळ्या केंद्रांवर जाऊ शकतात. माझ्या कार्यालयात सारे ताजे दिसण्याचे कारण तर अगदीच लाजिरवाणे होते. एफ१२च्या नेटवर्क भागात ‘डिसेबल कॅश’ ही खूण मी कायमची लावून ठेवली होती. ती लावलेली आणि तो भाग उघडा असताना ब्राउझर स्वतःचा साठा वापरतच नाही, म्हणजे दुखण्याचा एक अख्खा थर मला कधी दिसलाच नव्हता.

बटण जिथे पोचत नाही

तो थर ब्राउझरचा. आमच्या मांडणीत कॅश-कंट्रोलमध्ये मॅक्स-एज १४४०० होते, म्हणजे चार तास. ज्याने पहाटे पाचला फलक एकदा उघडला, त्याचा ब्राउझर नऊ वाजेपर्यंत कोणालाही न विचारता तोच फलक दाखवण्यास मोकळा होता. सीडीएनचा साठा पुसल्याने वाचकाच्या फोनमधील साठा पुसला जात नाही. ते करण्याचे साधन संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या हातात जवळपास नसतेच, म्हणून ब्राउझरला दिलेली मुदत हा शब्द दिल्यासारखा प्रकार असतो आणि तो विचार करूनच द्यावा. केंद्राला आणि ब्राउझरला वेगळी मुदत द्यायची असेल, तर एस-मॅक्सएज ही सूचना केवळ सीडीएनसारख्या सामायिक साठ्यांना लागू होते आणि मॅक्स-एज ब्राउझरसाठी उरते.

याच ठिकाणी नो-कॅश आणि नो-स्टोअर यांचा गोंधळ होतो, आणि अनुभवी मंडळींचाही होतो. नो-कॅश या नावावरून साठवू नका असा अर्थ वाटतो, पण त्याचा खरा अर्थ असा की प्रत खुशाल ठेवा, फक्त वापरण्याआधी दर वेळी विचारून घ्या. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ३०४ असे लहानसे उत्तर देतो आणि जवळची प्रत चालून जाते. अजिबात ठेवू नका, असे सांगायचे असेल तर नो-स्टोअर म्हणावे लागते.

हे सगळे समजल्यावरही दोन तक्रारी उरल्या. एकाकडे फलक ‘फाइल खराब आहे’ असा संदेश देऊन उघडेना. मुनीमजी पीडीएफ चढवत असताना, ती अर्धवट लिहिली गेली असतानाच कोणीतरी मागितली होती, आणि केंद्राने ती अर्धी फाइल पूर्ण समजून साठवली होती. यावर उपाय असा की फाइल आधी तात्पुरत्या नावाने पूर्ण चढवावी आणि मग तिचे नाव बदलावे, कारण नाव बदलणे एका क्षणात होते. दुसऱ्या तक्रारीत सीडीएनचा काहीही संबंध नव्हता. वरुडचे ते गृहस्थ दररोज फोनच्या डाउनलोड्समधील पहिल्या दिवशी उतरवलेली फाइलच उघडत होते. फलकावर तारीख बारीक अक्षरात कोपऱ्यात होती, ती आम्ही भावांपेक्षा मोठ्या अक्षरात वर आणली, आणि नुसत्या त्या बदलाने फोन बरेच कमी झाले.

कायमचा उपाय

रोज बदलणाऱ्या मजकुराला रोज तेच नाव, हे या दुखण्याचे मूळ होते. केंद्र आणि ब्राउझर हे दोघेही फाइल तिच्या पत्त्यावरूनच ओळखतात. पत्ता तोच असेल तर आतला मजकूर बदलला हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचे नाही असे तर आपणच मुदत देऊन सांगितलेले असते. म्हणून आता प्रत्येक फलकाच्या नावातच तारीख असते. नवा दिवस, नवे नाव, आणि त्या नावाची प्रत कोणाच्याही साठ्यात आधीपासून असणे शक्य नाही. अशा फाइलीला वर्षभराची मुदत दिली तरी बिघडत नाही, कारण ती पुन्हा बदलणारच नसते. भाव छापण्यात चूक झाली तर त्याच नावाने दुरुस्त फलक चढवायचा नाही, तारखेपुढे ‘२’ जोडून नवी फाइल करायची, हा नियम मुनीमजींना पटवायला मात्र दोन दिवस लागले.

फाइलीच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून आवृत्ती क्रमांक जोडण्याची युक्ती अनेकजण वापरतात. क्लाउडफ्लेअरच्या मूळ मांडणीत ती चालते, कारण तिथे प्रश्नचिन्हापुढचा भागही फाइलीच्या ओळखीत धरला जातो. क्लाउडफ्रंटच्या ‘कॅशिंग-ऑप्टिमाइझ्ड’ या तयार धोरणात तो भाग ओळखीत धरला जात नाही, त्यामुळे क्रमांक कितीही बदलला तरी जुनीच प्रत मिळते. फाइलीच्या नावातच बदल करणे दोन्हीकडे चालते, म्हणून मला तेच बरे वाटते.

नव्या नावांनी एक नवा क्रमही आणला. आधी फाइल पूर्ण चढवायची, ती मूळ सर्व्हरवरून उघडते याची खात्री करायची, आणि मगच पानावरची लिंक बदलायची. हे उलटे केले तर मधल्या वेळात येणाऱ्याला ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तर, मिळते, आणि अनेक सीडीएन ४०४ हे उत्तरसुद्धा थोडा वेळ साठवून ठेवतात, त्यामुळे फाइल चढल्यावरही ती काही मिनिटे सापडत नाही. ज्यांना अजूनही तेच नाव ठेवून पुसण्याच्या पद्धतीनेच चालायचे आहे, त्यांनीही आतून बाहेर असा क्रम पाळावा. आधी मूळ सर्व्हरवरची फाइल बदलावी, मग तिथल्या प्लगइनचा साठा पुसावा आणि सर्वांत शेवटी सीडीएनचा. पुसतानाही सगळा साठा एकदम न पुसता त्या एका फाइलीचाच पत्ता द्यावा. सगळे पुसले की हंगामाच्या सकाळी चित्रांपासून प्रत्येक गोष्टीची मागणी एकदम मूळ सर्व्हरवर जाऊन पडते, आणि स्वस्तातले होस्टिंग असेल तर ते त्या गर्दीत कोलमडते. याच कारणाने, तक्रार आली की सीडीएनच काही काळ बंद करण्याचा सल्ला मला पटत नाही.

राहिला प्रश्न जुन्या लिंकचा. ‘ताजा भाव’ म्हणून एक पत्ता दोन वर्षे व्हॉट्सॲपवर फिरत होता आणि शेकडो लोकांनी तो जपून ठेवला होता. तो मोडणे योग्य नव्हते, म्हणून त्या पत्त्यावर आता फाइल नाही, त्या दिवशीच्या फलकाकडे वळवणारे ३०२ हे उत्तर आहे आणि त्याला नो-स्टोअर जोडलेले आहे. सकाळी ६ वाजता मुनीमजी फाइल निवडून एकच बटण दाबतात. नाव देणे, चढवणे, तपासणे, लिंक बदलणे आणि वळण नव्या फाइलीकडे लावणे, हे सारे एक लहानशी स्क्रिप्ट त्याच क्रमाने करते. त्यानंतर मी कार्यालयाच्या ब्रॉडबँडवरून आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून असे दोन्हीकडून फलक उघडून हेडर पाहतो, आणि ‘डिसेबल कॅश’ची खूण काढलेली असते.

सुरुवातीचे चार दिवस त्या वळणासाठी मी नजरचुकीने ३०२ ऐवजी ३०१ लावले होते. ३०१ म्हणजे कायमचा बदललेला पत्ता, आणि वेगळी मुदत दिलेली नसेल तर ब्राउझर तो बराच काळ लक्षात ठेवतात. त्या चार दिवसांत लिंक उघडणाऱ्या तिघांना पुढे कित्येक दिवस त्या-त्या दिवशीचाच फलक दिसत राहिला. दोघांना फोनवरून सांगून ब्राउझरचा साठा पुसून घेतला. तिसऱ्याची गाडी कळमन्याला आली तेव्हा माल उतरेपर्यंत त्यांचा फोन हातात घेऊन ते काम मीच केले.